पेण-रोह्यात सुरुंग मोजताना

आमच्या कामाची गंमतच आहे. जे मोजायचं ते पापणी लवायच्या आत संपतं, आणि ते मोजायची तयारी मात्र सकाळी सुरू केली तर दुपार टळली तरी संपत नाही. सुरुंगाचा वेग मशीन टिपतं, हादरा मशीन टिपतं, आवाजही टिपतं. पण त्याआधी आणि त्यानंतर माणसं जो काही घोळ घालतात, तो टिपणारं मशीन अजून कुणी काढलेलं नाही. तो सगळा माझ्याच डोक्यात साचत गेला, क्रशरखाली खडी साचते तसा. आता ढीग इतका झालाय की थोडा उपसल्याशिवाय गत्यंतर नाही!

खाणींना लागणारी स्फोटकं बनवणाऱ्या एका कंपनीत मी इंजिनिअर होते. मूळची चंद्रपूरची. वडील कोळसा खाणीत, त्यामुळे धमाक्याचं भय लहानपणीच गेलेलं. कंपनीने मला पेणला पाठवलं. पेणपासून रोह्यापर्यंत दगडाच्या खाणी होत्या, तिथे आमचा माल कसा चालतो ते मोजायचं. सोबतीला दोघं. एक म्हात्रे, सुरुंग भरणारे आणि उडवणारे, कासूकडचे. वयाने माझ्या वडिलांएवढे. दुसरा सलीम, जीपचा ड्रायव्हर, रोह्याचा. आणि आमच्या डोक्यावर मुंबईत बसलेले देवस्थळी साहेब.

*

पहिला घोळ खाणीपर्यंत पोचायच्या आधीच झाला.

पेणला खोली हवी होती. म्हात्रेंनी ओळखीतलं एक घर काढलं. घर छान, विहिरीला गोड पाणी, मालकीणबाईही प्रेमळ. चहा आला, पोह्याचे पापड आले. बाईंनी विचारलं, "काम काय करता?"

मी तोंड उघडायच्या आत म्हात्रे बोलले. सुरुंगात भरतात ती दारू, हा त्यांचा रोजचा शब्द. ते मोठ्या अभिमानाने म्हणाले, "मॅडम दारूची टेस्ट घेतात!"

बाईंच्या हातातली बशी तशीच राहिली.

"रोज?"

"रोज नाय. आठवड्यातून तीन-चार वेळा. कंपनी पगार देते त्याचा."

मी घाईघाईने सांगायला गेले, "अहो, तशी दारू नाही, ती खाणीतली..."

"खाणीत बसून?" बाई उठल्याच. "बाईमाणूस तुम्ही! नको हो, आमच्या घरात जावयाची ये-जा असते."

खोली गेली. पायऱ्या उतरत होतो तेवढ्यात बाईंचे यजमान मागच्या दाराने वळसा घालून गुपचूप आले आणि म्हात्रेंच्या कानाशी लागले, "कंपनीत अजून भरती हाय काय?"

*

आता वेग कसा मोजतात ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. खडकात खोल भोक पाडतात, त्यात स्फोटकं भरतात. त्यांच्याबरोबर आम्ही एक केबल आत सोडतो. स्फोट तळापासून वर येताना केबल जाळत येतो. ती किती झपाट्याने जळाली, त्यावरून माल किती दमदार ते कळतं. भोकापासून मशीनपर्यंत एक लांबलचक काळी वायर असते. दिसायला हुबेहूब टी.व्ही.ची.

इथेच घात झाला.

डोलवीच्या अलीकडच्या एका खाणीत सकाळपासून राबून सगळं जोडलं. सायरन झाला, माणसं आडोशाला गेली. म्हात्रेंनी बार उडवला. काय सुंदर उडाला! आणि माझ्या मशीनवर? सरळ रेघ. मेलेल्या माणसाच्या छातीवर लावल्यासारखी!

मशीन तपासलं, ठीक. बॅटरी तपासली, ठीक. मग वायर धरून चालत सुटले. डोक्यावर ऊन, तोंडात धूळ. दगडांच्या एका ढिगाऱ्यामागे वायर स्वच्छ कापलेली. मधला भलामोठा तुकडा गायब! नशीब, बार उडवायची वायर वेगळी असते.

तुकडा सापडला. खाणीच्या ऑफिसच्या पत्र्यावर, अँटेनाला बांधलेला. तिथून तो खिडकीतून आत गेला होता. आत क्रिकेटची मॅच चालू होती आणि सुपरवायझरपासून डंपरवाल्यांपर्यंत झाडून सगळे टी.व्ही.पुढे बसलेले.

मी दारात उभी राहून ओरडले, "माझी वायर कुणी कापली?"

सुपरवायझरने वळूनही पाहिलं नाही. नुसता हात वर केला.

"मॅडम, दोन मिनिटं. शेवटची ओव्हर हाय. तुमच्या वायरवर पिक्चर काय क्लिअर येतंय!"

*

वेगापेक्षा वाईट काम हादऱ्याचं. खाणीजवळच्या गावातून तक्रार यायची की सुरुंगाने भिंतींना तडे जातात. मग आम्ही हादरे मोजायचं मशीन घेऊन त्या घरी जायचो. त्याचा छोटा डबा जमिनीत पुरायचा, आणि कुठलाही हादरा आला की आकडा उमटायचा.

एका गावात तक्रारीचे पुढारी होते दामूकाका. भातशेती, चार खोल्यांचं घर, आणि ओटीच्या भिंतीला खरोखरच हातभर तडा. म्हणाले, "तुमचा आकडा जास्त आला तर खाण बंद पाडतो. गाव माझ्या मागे हाय." आकडा जास्त असता तर त्यांचं बरोबरच होतं. पण खाणीवर त्याच गावातली निम्मी माणसं कामाला होती, त्यामुळे सगळ्यांचाच जीव टांगणीला.

मशीन लावलं. बार झाला. आकडा आला अगदीच किरकोळ. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी मशीन आवरणार तोच त्याने पुन्हा आकडा दाखवला, मघापेक्षा मोठा! मग अजून एक! मग सारखे येऊ लागले. खाण तर बंद. मला दरदरून घाम फुटला. भूकंप की काय!

मागच्या पडवीत काकी मसाला कुटत होत्या.

दामूकाकांना खरं काय ते सांगावंच लागलं, की काका, आमच्या सुरुंगापेक्षा तुमच्या उखळाचा हादरा जास्त आहे. मला वाटलं, प्रकरण मिटलं. काका आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "ऐकलंस काय गो? भिंत तू फोडलीस!"

काकी बाहेर आल्या. हात तिखटाने लाल, डोळे त्याहून लाल. नवऱ्याकडे पाहिलंच नाही. सरळ माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"गो बाय, तू शिकलेली. मग एक काम कर. ह्यो डबा काढ इथून आणि पुढच्या दारापाशी पूर. रोज संध्याकाळी ह्यो पिऊन येतो आन् दार आपटतो, त्याचा आकडा पन घे!"

मी काकांकडे पाहिलं. काका भिंतीकडे पाहत होते.

तक्रार मागे घेतली गेली. कारण कुणी विचारलं नाही.

*

साहेबांनी मध्येच एक नवीन खूळ काढलं. सुरुंगानंतर दगड किती बारीक फुटला, ते फोटोवरून मोजायचं. फोटोत आकार कळावा म्हणून ढिगावर एक ठरलेल्या मापाचा लाल बॉल ठेवायचा आणि मग फोटो काढायचा. मुंबईहून बॉल आला. पहिल्याच दिवशी लोडरच्या खाली गेला आणि पोळी होऊन बाहेर आला.

दुसरा बॉल यायला वेळ लागणार होता आणि फोटो तर त्याच दिवशी हवे होते. मी डोकं धरून बसले. म्हात्रे म्हणाले, "एवढं काय त्यात? नारळ हाय ना!" सुरुंग भरण्याआधी फोडायला ते रोज एक नारळ आणायचे, तो त्या दिवशी गडबडीत फोडायचा राहिला होता. ठेवला ढिगावर. मीही काढले फोटो. म्हटलं, नंतर नारळ मोजू, काम भागेल.

मी मशीन आवरून येते तोवर म्हात्रेंना आठवण झाली की आज देवाचं राहून गेलं.

चार दिवसांनी साहेबांचा फोन. "हे ढिगाऱ्यावर काय आहे?"

"सर, नारळ."

"पूजा चालली होती?"

"नाही सर, माप म्हणून ठेवला."

मग साहेब दात आवळून म्हणाले, "ठीक आहे. त्या नारळाचा व्यास सांगा."

मी रिसीव्हरवर हात ठेवून म्हात्रेंना विचारलं. म्हात्रे जरा विचारात पडले.

"व्यास काय तो माहीत नाय. पन साहेबांना सांगा, गोड व्हता."

*

पेणचा माणूस काय सांगेल याचा नेम नाही, पण गणपतीच्या मूर्तीला धक्का लागला म्हणाला तर तो चेष्टा करत नसतो. गावाबाहेरच्या एका कारखानदाराची तक्रार आली की सुरुंगाने वाळत घातलेल्या मूर्तींना चिरा पडतात. वर्षभराच्या पोटाचा प्रश्न. देवस्थळी साहेब म्हणाले, "हे प्रकरण नाजूक आहे, मी स्वतः येतो."

इथेच मला धोका कळायला हवा होता.

कारखान्यात पाऊल ठेवलं तर काय, फळ्यांवर, जमिनीवर, माळ्यावर, जिकडे नजर जाईल तिकडे पांढरे शुभ्र गणपती. आम्ही चपला बाहेर काढल्या. मूर्तिकार शांत माणूस, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. म्हणाला, "मॅडम, मला भांडायचं नाय. मला फक्त कळू दे, नक्की कशानं होतंय."

मी मशीन मांडलं. ठरल्या वेळी तिकडे म्हात्रेंनी बार उडवला. कारखान्यात सगळे कारागीर हातातलं काम थांबवून उभे. लांबून दबका आवाज आला. एकही मूर्ती हलली नाही. सोंडेवरची धूळसुद्धा नाही. चिरा कशाने पडत होत्या तेही मग उलगडलं. नव्या पत्र्यामुळे दुपारी आत भट्टी व्हायची आणि मूर्ती वरून झपाट्याने वाळत होत्या. मूर्तिकाराचा चेहरा उजळला. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा एक काम धड झालं!

साहेब खुलले. छोटंसं भाषण केलं. "आमच्या कंपनीकडून आपल्या श्रद्धेला धक्का लागणार नाही," असं म्हणून हात जोडले आणि दाराकडे वळले. काखेत छत्री होती. आडवी.

तीन गणपती गेले. चौथ्याची सोंड.

साहेब छत्री पोटाशी धरून उभे. मूर्तिकार खाली वाकला, तुकडे गोळा केले, फडक्यात ठेवले. मग माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाला,

"मॅडम, तुमी बार रोज उडवा. साहेबांना नका आणू."

*

सलीमबद्दल सांगितलं नाही तर तो रुसेल.

सुरुंग उडायच्या आधी खाणीजवळचा रस्ता बंद करावा लागतो. लाल झेंडा घेऊन दोन्ही टोकांना माणूस उभा राहतो. धोका टळल्याची शिट्टी होईपर्यंत कुणालाही सोडायचं नाही. रोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते काम सलीम करायचा.

त्या दिवशी माझं मशीन चालूच होईना. भोकं भरलेली, रस्ता अडलेला, आणि मी एकेक बटण दाबत बसलेली. म्हात्रे दर थोड्या वेळाने "झालं काय?" म्हणून विचारत होते आणि मी दर वेळी जास्तच चिडून "नाही!" म्हणत होते.

तिकडे रस्त्यावर काय झालं ते मला नंतर तिथे अडकलेल्या एस.टी.च्या कंडक्टरने सांगितलं.

एस.टी.च्या मागे एक टॅक्सी येऊन थांबली. टपावर दोरीने बांधलेल्या बॅगा. आतून एक माणूस उतरला आणि झेंड्यापर्यंत चालत आला. सलीमने त्याला पाहिलं. सख्खा मोठा भाऊ! कुवेतहून येणार होता हे घरात माहीत होतं, पण कोणत्या दिवशी ते पक्कं नव्हतं. बाप गेला तेव्हाही त्याला येता आलं नव्हतं. दोघांची भेट त्यानंतर पहिलीच.

भावाने हात पुढे केले. सलीमने एका हाताने झेंडा तसाच आडवा धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने त्याला मिठी मारली. डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण झेंडा खाली नाही.

भाऊ म्हणाला, "चल, बस गाडीत. अम्मी वाट बघते."

"शिट्टी नाय झाली."

"अरे, मी हाय! सोड तरी मला."

"नाय सोडता येत."

भावाने कपाळावर हात मारला. "विमानवाल्यांनी सोडलं, कस्टमवाल्यांनी सोडलं, आन् सख्ख्या भावाने अडवला!" अख्खी एस.टी. हसली. पण सलीम हलला नाही. दोघं भाऊ झेंड्याच्या दोन बाजूंना उभे राहून बापाबद्दल बोलत राहिले. एस.टी.तली माणसं हसायची थांबली.

शेवटी माझं मशीन चालू झालं, बार झाला, शिट्टी झाली. भावाने आम्हा सगळ्यांना ओढून घरी नेलं. रोह्यात अम्मीने मुलाला कुरवाळलं, सलीमला कुरवाळलं, म्हात्रेंना बसायला पाट दिला. मग माझ्याकडे वळून वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मशीन चालू नाय होत व्हती ती तुमचीच काय?"

बिर्याणी मला सगळ्यात शेवटी वाढली.

*

आणि आता तो रोह्याजवळच्या मोठ्या खाणीचा किस्सा.

त्या खाणीचे मालक वर्षानुवर्षं दुसऱ्याच एका कंपनीचा माल वापरत होते. खाणीवरचं गोदाम त्याच पेट्यांनी भरलेलं असायचं. ते गिऱ्हाईक आपल्याकडे वळवायचं, हे देवस्थळी साहेबांनी मनावर घेतलं. तसं त्यांना घ्यावंच लागलं होतं. वरून निरोप आला होता की एवढं गिऱ्हाईक मिळालं नाही तर पेणचं ऑफिस गुंडाळायचं. म्हणजे मी कुठेतरी दूर, सलीम घरी, आणि म्हात्रेंना या वयात नवी नोकरी कोण देणार? आम्ही तिघंही त्या आठवड्यात एकमेकांशी नीट बोलत नव्हतो.

मालकांना आणि त्यांच्या भागीदारांना समोर बसवून आमच्या मालाचा बार उडवून दाखवायचा, असं ठरलं. मांडव घातला. खुर्च्या आल्या, वडे आले, पेढ्यांचे पुडे आले. आमच्या मालाची गाडी सकाळी येणार होती. साहेबांनी मला आणि सलीमला पाहुण्यांना आणायला रोह्यात पाठवलं. मी म्हटलं, "सर, माल भरताना मी इथे असलेली बरी." साहेब म्हणाले, "केबल सोडायला म्हात्रे शिकलेत ना आता? पाहुण्यांशी बोलायला माणूस हवा." आणि जाता जाता म्हात्रेंना ओरडून सांगितलं, "म्हात्रे, काय वाट्टेल ते करा, पण पाहुणे खुर्चीवर बसले की बार उडाला पाहिजे! मला एकही सबब नको!"

म्हात्रे म्हणाले, "व्हय साहेब."

आम्ही पाहुण्यांना घेऊन आलो तेव्हा भोकं भरून, वरून मातीने बुजवून तयार. केबल व्यवस्थित. मी मशीन लावलं, पहिल्या झटक्यात चालू झालं! मला तर स्वतःला चिमटा काढावासा वाटला. सायरन झाला. म्हात्रेंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली.

काय सांगू तुम्हाला! डोंगराची कड अलगद उचलली गेली आणि जागच्या जागी बसली. एक दगड उडाला नाही. धूळ निवळली तर समोर ढीग, सारख्या मापाचा, जसा काही चाळणीतून काढलेला. आणि मशीनवर रेघ आली ती तर मी फ्रेम करून लावली असती. त्या अख्ख्या सीझनमध्ये आमच्या मालाने असा वेग कधी दाखवला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुळीने नाही.

साहेब तर नाचायचेच बाकी होते. ते मशीन उचलून, नवीन बाळाचं तोंड दाखवावं तसं एकेका पाहुण्याला दाखवत फिरले. "बघा आकडा! ही आमच्या कंपनीची ताकद! तुमच्या त्या मालाने दाखवावा असा आकडा!"

मालक उठले. ढिगापर्यंत गेले, दगड हातात घेऊन पाहिले, परत आले. फार कमी बोलणारा माणूस. म्हणाले, "मानलं. पुढल्या महिन्यापासून तुमचाच माल."

टाळ्या झाल्या. सलीमने मला डोळा मारला. साहेबांनी पेढ्याचा पुडा फोडला. पहिला पेढा मालकांना दिला, दुसरा हातात घेऊन ते सगळ्यांच्या देखत म्हात्रेंकडे गेले. त्यांच्या खांद्यावर हात टाकला, स्वतःच्या हाताने तो पेढा त्यांना भरवला आणि म्हणाले, "म्हात्रे, तुम्ही सांगा मालकांना! कसा आहे आपला माल?"

म्हात्रेंनी पेढा सावकाश खाल्ला. हात झटकले. साहेबांकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं.

"कसा सांगू साहेब? आपली गाडी अजून वडखळ नाक्यावर अडकलीय."